कायदा कामगाराच्या भाषेत कधी बोलणार?

कामगार कायद्यांचे प्रशिक्षण आता अनेक कार्यालयांत वार्षिक विधीसारखे उरकले जाते. देवपूरमधल्या अशाच एका सत्राला मी बसलो होतो. पडद्यावरचा मजकूर इंग्रजीत होता. वक्ता तासभर बोलला आणि शेवटी हजेरीपटावर सह्या झाल्या. झाडलोट करणाऱ्या बायांनीही सह्या केल्या. त्यांना काय कळले, हे कुणी विचारले नाही. कागदावर मात्र सर्वांना कायदा समजला होता.

हा प्रकार परदेशी कंपन्यांनी आणला असे आपल्याला वाटते. पण कायदा कामगारापर्यंत नेण्याची महाराष्ट्रातली परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिची सुरुवात खुद्द कामगारांच्या चळवळीने केली.

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१चा. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी केली, पण प्रौढ कामगारांच्या तासांना हात लावला नाही. त्या काळात सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे ‘दीनबंधू’ चालवत होते. मुंबईच्या गिरण्यांत काय चालते आणि काय चालायला हवे, हे त्यांनी मराठीत लिहिले. १८८४ साली त्यांच्या पुढाकाराने झालेल्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि जखमी कामगाराला भरपाई, अशा त्यांच्या मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. सही कशावर करतोय, हे त्या कामगारांना ठाऊक होते.

दुसरा प्रश्न होता मुकादमाचा. गिरणीत त्याला जॉबर म्हणत. कामावर घेणारा तोच आणि काढणारा तोच. त्यासाठी तो दस्तुरी उकळायचा. कामगारासाठी जॉबरचा शब्द हाच कायदा होता. १९३१ साली रॉयल कमिशनने आपल्या अहवालात जॉबरचा हा अधिकार काढून घ्या, कामगार अधिकारी नेमा, अशी शिफारस केली. सुपरवायझरला कायदा शिकवण्याची गरज का पडते, याचे उत्तर या इतिहासात आहे. मालक दूर असतो, रोजचा अन्याय किंवा न्याय मुकादमाच्या हातून होतो.

पुढे १९४६च्या स्थायी आदेश कायद्याने नोकरीच्या अटी लेखी झाल्या. त्या इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत दरवाजाजवळ लावणे बंधनकारक ठरले. १९४८च्या कारखाना कायद्यानेही सूचनाफलकांबाबत हेच सांगितले. १९५८ साली केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्यालय नागपूरला होते. मंडळाचे शिक्षणाधिकारी कामगारांतून निवडलेल्यांना ‘कामगार शिक्षक’ म्हणून तयार करायचे. ते परत जाऊन आपल्याच कारखान्यात, आपल्याच भाषेत वर्ग घ्यायचे. शिकवणारा बाहेरचा वक्ता नव्हता, बाजूच्या मशिनवरचा सोबती होता.

आता आपल्या खान्देशाकडे येऊ. धुळे आणि शेजारच्या मालेगावात यंत्रमाग हा मुस्लिम कष्टकऱ्यांचा मोठा आधार आहे. १८५७नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांनी या भागात हातमाग रुजवला, नंतर त्याचे पॉवरलूम झाले. मालेगावात लूम शुक्रवारी बंद असतात. लोखंडेंनी मागितलेली आठवड्याची सुटी इथे जुम्याच्या दिवशी आली.

बाकीचा कायदा मात्र शेडच्या दारातच अडला. वीज वापरणाऱ्या जागेत दहा कामगार असतील, तर १९४८चा कारखाना कायदा लागू होई. म्हणून एकच शेड वेगवेगळ्या नावांनी विभागायची वाट उरली. त्या कायद्यात दिवसाला नऊ तास होते, त्यापुढे दुप्पट मजुरी. लूमवर मात्र बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी आणि डोक्यावर उचल. घरात बसून कांडी भरणाऱ्या बाया तर कोणत्याच मोजणीत नसतात.

२१ नोव्हेंबर २०२५पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. कारखान्याची मर्यादा दहावरून वीसवर गेली, म्हणजे छोटी शेड आणखी बाहेर राहिली. पण याच संहितांनी नियुक्तिपत्राचा हक्कही दिला. तसेच लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा दहापेक्षा कमी कामगारांच्या ठिकाणीही बाईला वाऱ्यावर सोडत नाही. तिची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. किती कांडीवाल्या बायांना हे माहीत आहे?

आपल्या समाजात जलसे होतात, मदरसे आणि वाचनालये चालतात. वकील आणि शिक्षकही पुष्कळ झालेत. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ मोहल्ल्यात बसून मजुरी, उचल, नियुक्तिपत्र आणि स्थानिक समिती यांवर उर्दूत, मराठीत, अहिराणीत बोलावे. चार मुकादमांनाही बोलवावे. कायद्याने फलकाची भाषा सांगितली, पण जिथे फलकच नाही तिथे बोलायला माणूस लागतो. लोखंडेंकडे सरकारी अधिकार नव्हता, एक वृत्तपत्र होते आणि कामगाराला समजेल अशी भाषा होती. भाषा आपल्याकडेही आहे.