डोळ्यांतील रंगकणांची साक्ष

मोहोपाड्याच्या आसपासच्या टेकडीवरून विद्यार्थ्याने दगड उचलून आणला, तर तो बहुधा काळा बसाल्टच असणार. माणिकगड काय, कर्नाळा काय, हे सारे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. यात जीवाश्म सापडेल का, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. तप्त लाव्हारसात प्राण्यांचे अवशेष टिकणे कठीणच. पण दोन उद्रेकांमधल्या शांत काळात तळी साचली, त्यांत गाळ बसला आणि त्या गाळात जीव गाडले गेले. मुंबईत वरळीला अशाच थरात लहानशा बेडकांचे सांगाडे मिळाले.

या बेडकाला रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये ‘राना पुसिला’ असे नाव दिले. १८६९ मध्ये फर्डिनांड स्टोलिच्का यांनी त्याला ‘ऑक्सिग्लॉसस’ या प्रजातीत नेले. १९३० मध्ये जी. के. नोबल यांनी त्याच्यासाठी ‘इंडोबॅट्रॅकस’ ही नवी प्रजाती केली. त्यांना त्याचे नाते ऑस्ट्रेलियातील बेडकांशी दिसले. दगड तोच, प्राणी तोच, पण गोत्र बदलत गेले. तरी तो बेडूकच, याबद्दल वाद नव्हता, कारण हाडे समोर होती. हाडेच नसतील तर?

असा पेच अमेरिकेतील इलिनॉय राज्यात उभा राहिला. तेथील मेझॉन क्रीक भागात सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचे मऊ शरीराचे प्राणी लोहयुक्त गोट्यांमध्ये ठशांच्या रूपाने टिकले आहेत. १९५०च्या दशकात फ्रान्सिस टली या हौशी संग्राहकाला तेथे एक विचित्र प्राणी मिळाला. लांबी फार तर वीतभर किंवा थोडी अधिक. पुढे सोंड, सोंडेच्या टोकाला दात असलेला चिमटा, आणि अंगावर आडव्या दांडीच्या दोन टोकांना दोन डोळे! शिकागोच्या फील्ड म्युझियममधील यूजीन रिचर्डसन यांनी १९६६ मध्ये त्याचे वर्णन केले आणि ‘टलिमॉन्स्ट्रम’ हे नाव दिले. पण तो कृमी, गोगलगायीचा भाऊबंद की मासा, हे ठरेना.

येथे डोळे मदतीला आले. आपले केस काळे करणारे मेलॅनिन हे रंगद्रव्य डोळ्यांतही असते. ते सूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे मेलॅनोसोममध्ये साठते. हे द्रव्य फार चिवट आहे. जीवाश्मांतले असे कण पूर्वी जिवाणू समजले जात. २००८ मध्ये याकोब विंथर आणि सहकाऱ्यांनी जीवाश्म पिसांतील कण मेलॅनोसोम असल्याचे दाखवले. २०१६ मध्ये टॉमस क्लेमेंट्स व त्यांच्या सहकाऱ्यांना टलीच्या डोळ्यांत दोन आकारांचे कण आढळले: काही लांबट, काही गोल. अशी जोडी पृष्ठवंशीयांच्या दृष्टिपटलात असते. तेव्हा टली पृष्ठवंशीय, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानेही शरीररचनेवरून तेच म्हटले.

परंतु पुढच्याच वर्षी लॉरेन सॅलन आदींनी हरकत घेतली. २०१९ मध्ये ख्रिस्तोफर रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी कणांच्या आकाराऐवजी त्यांतील धातू तपासले. सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी त्यांनी जस्त आणि तांबे यांचे प्रमाण मोजले, आणि ते पृष्ठवंशीयांपेक्षा माकूळवर्गीय अपृष्ठवंशीयांच्या डोळ्यांशी अधिक जुळले. मात्र तांब्याचे रासायनिक रूप त्यांच्याशीही तंतोतंत जुळले नाही. २०२० मध्ये व्हिक्टोरिया मॅकॉय यांच्या गटाने ऊतींच्या रासायनिक तपासणीवरून पुन्हा पृष्ठवंशीयांच्या बाजूने कौल दिला. २०२३ मध्ये जपानी संशोधकांनी दीडशेहून अधिक टली-जीवाश्मांचे त्रिमितीय मोजमाप केले. डोळ्यांच्या पुढच्या भागातही शरीराचे खंड दिसले. असे पृष्ठवंशीयांत आढळत नाही. म्हणून तो पृष्ठवंशीय नसावा, असे त्यांनी मांडले.

मग रंगकणांचा पुरावा खोटा ठरला का? नाही. कण होते, त्यांचे आकारही खरे होते. प्रश्न होता तो त्यांच्या अर्थाचा: हे लक्षण केवळ एकाच गटाचे आहे का, आणि कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहून त्यातील रसायन बदलले तर नाही? यासाठी रॉजर्स यांच्या गटाने आजच्या प्राण्यांचे डोळेही तपासले. जुने समजायचे तर आधी जिवंताची ओळख हवी.

वर्गीकरणाचा तक्ता आपण फळ्यावर असा लिहितो, जणू तो कायमचा कोरलेला आहे. वरळीचा बेडूक आणि टलीचा प्राणी सांगतात की तो तक्ता म्हणजे उपलब्ध पुराव्याचा आजचा हिशेब आहे. पुढच्या वेळी विद्यार्थ्याने "सर, हा कोणत्या वर्गातला?" असे विचारले, तर उत्तराबरोबर "कशावरून?" हा प्रश्नही त्याच्यापुढे ठेवावा. तोच त्याला अधिक पुढे नेईल.