शाळेचा पट आणि रयतेचा पैसा

सरकारी शाळेत मुले किती, असे आपण नेहमी विचारतो. ज्यांच्या पैशावर शाळा चालते त्यांची मुले तीत किती, असे सहसा विचारीत नाही. युनियनच्या कामात वर्गणीचे पुस्तक सभासदांच्या यादीशी ताडून पाहण्याची आम्हांस सवय जडली आहे. शाळेचा पटही आम्ही तसाच वाचतो.

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेशासाठी एका महार मुलाने अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. सरकारने नकार दिला. कारण काय, तर या एकाला घेतल्यास बाकीच्यांना शाळा निरुपयोगी होईल! शाळा सरकारी, पण पट ठरविणार जात.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी निवेदन मांडले. महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा लाभ पडतो वरच्या वर्गांच्या पदरात, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी. हा बाराचा आकडा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. कारण आदल्याच वर्षी, १८८१ मध्ये, पहिला कारखाना कायदा झाला होता, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ तास राबविण्याची त्यात मुभा होती. ही म्हणे सुधारणा! ज्या वयात पोराने पाटी हाती घ्यावी असे जोतीराव म्हणत होते, नेमक्या त्याच वयात कायदा त्याला गिरणीत धाडीत होता. नऊ तास राबलेल्या पोराला शाळेचे दार उघडे असले काय नि मिटलेले असले काय! १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले, चौदापर्यंतच्या मुलांचे तास सातावर आले. गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मात्र १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सर्वांना एकत्र बसविण्याचा हुकूम काढला. एवढ्याशा संस्थानाला जे परवडले, ते इलाख्याला परवडत नव्हते, हे आम्हांस कधीच पटलेले नाही.

१९६२ पासून खेड्यातल्या शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. पटावर आता सर्व जातींची नावे आहेत. परंतु बीडकडचा ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास कारखान्याची वाट धरतो आणि पोर बरोबर नेतो. नाव पटावर, पोर फडात. इकडे ऐपतवाले आपली मुले खासगी इंग्रजी शाळांत नेतात. मग पट घटला म्हणून २०२३ साली वीसहून कमी मुलांच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले गेले. मागे उरलेली ती वीसांच्या आतली मुले कोणाची, शेतमजुराची, भटक्याची की आदिवासीची, हे आधी मोजावयास हवे. दोन कोसांवरच्या शाळेत मुलीला धाडावे की नाही, हे तिचे आईबाप ठरवितात. आणि पावसाळ्यात ओढा भरला की ते काय ठरवितात, हे आमच्याहून आपणांस अधिक ठाऊक आहे.