थांबवून ठेवलेला अर्ज

अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांत, शिक्षा झालेल्या कैद्याने त्या शिक्षेला दिलेले आव्हान कधीकधी मंजूरही होत नाही आणि फेटाळलेही जात नाही. नुसते तहकूब राहते. त्याच मुद्द्यावरचे दुसऱ्या कुणाचे तरी प्रकरण वरच्या कोर्टात असते आणि त्याचा निकाल लागेपर्यंत हा अर्ज थांबतो. आदेश बहुधा दोन-चार ओळींचा असतो: निकालानंतर ठरावीक दिवसांत दोन्ही बाजूंनी म्हणणे मांडावे.

या तहकुबीचे मूळ तुरुंगाशी संबंधित नाही. १९३५ साली अमेरिकी काँग्रेसने वीज आणि गॅस कंपन्यांच्या मालक-कंपन्यांवर लगाम घालणारा कायदा केला, तेव्हा त्याविरुद्ध ठिकठिकाणी दावे दाखल झाले. सरकारने न्यूयॉर्कमधला एकच दावा आधी चालवायचे ठरवले आणि बाकीचे थांबवण्याची मागणी केली. वॉशिंग्टनमधल्या कोर्टात गेलेल्या कंपन्यांना ते मान्य नव्हते. डिसेंबर १९३६ मध्ये ‘लँडिस विरुद्ध नॉर्थ अमेरिकन कंपनी’ या निकालात सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती कार्डोझो यांनी सांगितले की, आपल्यापुढचे काम कोणत्या क्रमाने चालवायचे हे ठरवणे हा कोर्टाचा अंगभूत अधिकार आहे आणि दाव्यांतले पक्षकार वेगळे असले तरी तो वापरता येतो. मात्र दुसऱ्या पक्षाचे नुकसान होण्याची शक्यता असेल, तर तहकुबी मागणाऱ्याने आपली अडचण स्पष्टपणे दाखवली पाहिजे आणि मुदतही बेताची हवी. वॉशिंग्टनच्या कोर्टाने सुप्रीम कोर्टाच्या अंतिम निकालापर्यंत दिलेली तहकुबी कार्डोझोंना अवाजवी वाटली. न्यूयॉर्कच्या पहिल्या कोर्टाच्या निकालापुढे ती चालू ठेवणे त्यांनी नामंजूर केले. वरच्या कोर्टाची वाट पाहण्यासाठी आज याच निकालाचा दाखला दिला जातो, ही गंमतच.

कैद्यांच्या अर्जांना तहकुबीची गरज वाढली ती १९९६ च्या कायद्याने. त्याने अर्जासाठी एक वर्षाची मुदत घातली. नवा हक्क सुप्रीम कोर्टाने मान्य केला, तर वर्ष त्या दिवसापासून मोजायचे. तो जुन्या शिक्षांना लागू आहे की नाही हे ठरेपर्यंत घड्याळ थांबत नाही, असे २००५ च्या ‘डॉड’ निकालाने स्पष्ट केले. म्हणजे आधी अर्ज ठोकायचा, मग वाट पाहायची.

सुप्रीम कोर्टाच्या २६ जून २०१५ च्या ‘जॉन्सन’ निकालानंतर हे उघड दिसले. बेकायदा बंदूक बाळगणाऱ्याच्या नावावर तीन जुने हिंसक किंवा अमली पदार्थांचे गंभीर गुन्हे असले, तर एरवीच्या कमाल १० वर्षांऐवजी किमान १५ वर्षे शिक्षा होई. ‘हिंसक’ची व्याख्या करणारे एक कलम संदिग्ध म्हणून रद्द झाले. तेच शब्द शिक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही होते, म्हणून त्यांखाली शिक्षा झालेल्या कैद्यांनीही वर्ष संपण्याआधी मोठ्या संख्येने अर्ज केले. तत्त्वांतले ते शब्दही संदिग्ध म्हणून रद्द होतात का, हा प्रश्न ‘बेकल्स’ प्रकरणात सुप्रीम कोर्टापुढे आला आणि अनेक जिल्हा न्यायालयांनी हे अर्ज बाजूला ठेवले.

शिक्षेची बरीच वर्षे बाकी असलेल्याला त्याने फारसा फरक पडत नव्हता. पण जिंकल्यास लगेच सुटला असता, अशा कैद्यासाठी तहकुबी म्हणजे प्रत्यक्षात हारच. कंपनीचे नुकसान पैशांत भरून निघू शकते, तुरुंगातले महिने नाही. लँडिसची कसोटी इथे जशीच्या तशी लावणे पटत नाही. नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २००० साली ‘याँग’ प्रकरणात, कोठडीतल्या माणसाच्या हेबियस अर्जावरची (म्हणजे कोठडीच्या कायदेशीरपणाला आव्हान देणाऱ्या अर्जावरची) अशी बेमुदत तहकुबी रद्द करताना, हेबियस हा उपाय तातडीचा असल्याचे बजावले होते.

मार्च २०१७ मध्ये ‘बेकल्स’चा निकाल कैद्याच्या विरुद्ध लागला: मार्गदर्शक तत्त्वे केवळ सल्लावजा असल्याने संदिग्धतेचा आक्षेप त्यांना लागू नाही. तहकूब अर्जांचा आधारच त्याने गेला. मात्र जानेवारी २००५ पूर्वी ही तत्त्वे बंधनकारक असताना ज्यांना शिक्षा झाली होती, त्यांचा प्रश्न या निकालाने सोडवला नाही आणि त्यावरून पुढे अपील न्यायालयांत मतभेद झाले.