तळटीप १४ : इथेनॉलची तीन शिखरे
१४. लेखकाने उल्लेखिलेला आलेख इथेनॉलच्या अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचा (एनएमआर) आहे. जे. टी. अर्नॉल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि एम. ई. पॅकार्ड यांनी १९५१ साली स्टॅनफर्डहून तो प्रसिद्ध केला. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले.

त्या आलेखातील तीन शिखरांची क्षेत्रफळे १:२:३ या प्रमाणात होती : ओएच, सीएच२ आणि सीएच३ या गटांतील हायड्रोजनच्या संख्येइतकी. मोजायचे ते शिखराखालचे क्षेत्रफळ, उंची नव्हे.

आजच्या उपकरणावर याहून बारीक तपशील दिसतो. टेट्रामिथिलसिलेनचे शिखर शून्य मानले, तर सीएच३चा संकेत सुमारे १.२ पीपीएमवर येतो आणि सीएच२चा सुमारे ३.७वर; शेजारचा ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणून तेथील हायड्रोजनवरचे आवरण विरळ होते. शेजारी ‘न’ समतुल्य हायड्रोजन असतील, तर संकेत ‘न + १’ रेषांत फुटतो. त्यामुळे सीएच३ तीन रेषांत दिसतो, सीएच२ चार रेषांत. ओएचचा हायड्रोजन मात्र, आम्लाचा अंश असल्यास, रेणूरेणूंत झपाट्याने अदलाबदल करतो. म्हणून त्याची सहसा एकच रेषा मिळते. नमुन्यात जड पाणी घालून हलवले की ती नाहीशी होते, आणि ओएचची ओळख पक्की होते.

डायमिथिल ईथरचे रेणुसूत्र इथेनॉलसारखेच. पण त्याचे सहाही हायड्रोजन समतुल्य असल्याने तेथे एकच शिखर उमटते. सूत्र जे सांगू शकत नाही, ती रेणूची जुळणी हा आलेख सांगतो. — संपा.