गवंड्याचे सिमेंट, दाताचे सिमेंट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे वडील गवंडी होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. संध्याकाळी कामावरून आले, की न्हाणीत दगडाने हात घासत बसायचे. बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या असायच्या आणि आई त्यांत खोबरेल तेल भरायची. "सिमेंट हात खातं," एवढेच ते म्हणायचे. पुढे मी शिक्षक झालो, तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. पण सिमेंट हात खाते म्हणजे नेमके काय करते, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो करायची वेळ आली ती दाताच्या दवाखान्यात.

माझ्या पुढच्या एका दातात पूर्वी रूट कॅनल झाले होते. तरीही मुळाच्या टोकाशी पुन्हापुन्हा पू व्हायचा. दाताच्या डॉक्टर माझ्याच एके काळच्या विद्यार्थिनी. त्या म्हणाल्या, "सर, वरून उपाय संपले. आता हिरडी उघडायची, मुळाचं टोक तीनेक मिलिमीटर कापायचं आणि खालच्या बाजूने भोक बुजवायचं."

"कशाने बुजवणार?"

"सिमेंटने. तुमच्या घराच्या भिंतीत असतं ना, त्याचंच चुलत भावंड."

मला आधी हसू आले. मग शिक्षकाची सवय जागी झाली. सिमेंट म्हणजे भाजलेली चुनखडी आणि माती. आणि खडक-माती म्हटली, की तिच्यात सोमलाचे मूळद्रव्य, म्हणजे आर्सेनिक, थोडे का होईना असतेच. मी विचारले, "अगं, मग त्यात आर्सेनिक किती असतं?" त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, हे मला आजवर एकाही पेशंटने विचारलेलं नाही." त्या प्रश्नाच्या मागे लागून मी जे वाचले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

गंमत अशी, की दाताच्या इतिहासात सोमल चोरपावलांनी आलेला नाही. त्याला चक्क आमंत्रण देऊन आणले होते. १८३६ साली अमेरिकेतल्या स्पूनर या दंतवैद्यांनी दुखऱ्या दाताची नस मारण्यासाठी सोमल वापरण्याची पद्धत छापून प्रसिद्ध केली. भूल देण्याची सोय नव्हती, त्या काळात रोग्याला ही पद्धत वरदानच वाटली असणार. किडलेल्या दातात चिमूटभर सोमल ठेवायचा, काही दिवसांत नस मरते, ठणका थांबतो. पण सोमलाला नस कुठे संपते आणि हाड कुठे सुरू होते हे कळत नाही. तो बाहेर झिरपला, तर हिरडी सडायची, जबड्याचे हाड मरायचे. तरीही विसाव्या शतकातही बरीच वर्षे हा प्रकार चालू राहिला.

त्याच सुमारास दुसरीकडे एक वेगळी गोष्ट घडत होती. १८२४ साली इंग्लंडमधल्या लीड्स गावच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या माणसाने एका नव्या सिमेंटचे पेटंट घेतले. हा माणूस शास्त्रज्ञ नव्हता, गवंडी होता. घट्ट झालेले हे सिमेंट पोर्टलंड बेटावरच्या प्रसिद्ध इमारती दगडासारखे दिसते, म्हणून त्याने त्याला पोर्टलंड सिमेंट म्हटले. आज आपल्या गोणीवर छापलेले असते तेच हे नाव. या सिमेंटचा मोठा गुण म्हणजे ते पाण्यात विरघळून जात नाही, उलट पाण्यामुळेच घट्ट होते. म्हणून पूल आणि बंदरे त्याने बांधली गेली. आणि १८७८ साली जर्मनीत विट्टे नावाच्या दंतवैद्यांनी दाताच्या मुळातल्या नळ्या पोर्टलंड सिमेंटने भरण्याविषयी चक्क लेख लिहिला. पुढे ही कल्पना जवळजवळ विसरली गेली.

मग मुळाचे टोक बुजवायला काय वापरत? तर चांदी. आपण बोलताना 'दातात चांदी भरली' म्हणतो, पण त्या मिश्रणात वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो. विसाव्या शतकाचा बराच काळ मुळाच्या टोकाशी हीच चांदी भरली जाई. ती ओलाव्यात गंजायची, कडेने झिरपायची, हिरडीवर कायमचा काळसर डाग पाडायची. आणखी एक वाट काही दंतवैद्यांनी धरली. मुळाच्या नळीत भरायच्या एका लेपात शिशाचे ऑक्साइड घातलेले असे, म्हणजे तो क्ष-किरणांच्या चित्रात उठून दिसे. १९७० च्या दशकात प्राण्यांवर प्रयोग झाले. तेव्हा दातात भरलेले शिसे तिथेच राहत नाही, शरीरातल्या इतर अवयवांपर्यंत पोचते, असे दिसून आले.

म्हणजे पाहा, सोमल, पारा, शिसे ही तिन्ही विषे दाताच्या मुळापर्यंत आली ती माणसाने समजून-उमजून, काही गुणासाठी घातली म्हणून. डबीवर नाव वाचून ती टाळता तरी येत होती. पुढचा प्रश्न मात्र निराळा होता.

१९९३ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात, महमूद तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या भुकटीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिचे नाव 'मिनरल ट्रायऑक्साइड ॲग्रिगेट'. दंतवैद्य तिला एमटीए म्हणतात. तोंडात रक्त आणि लाळ सतत असते, आणि बाकीचे सगळे पदार्थ ओलाव्याला घाबरतात. ही भुकटी ओलाव्यातच घट्ट होत होती. शिवाय तिच्यातून चुना सुटतो, त्या तिखट चुन्यात जंतू टिकत नाहीत, आणि दाताच्या मुळावरचा नैसर्गिक थर तिच्यावर पुन्हा वाढतो, असे दिसले. ज्या दाताला आधी उपटण्याशिवाय गत नव्हती, असे पुष्कळ दात तिच्यामुळे वाचले.

त्या भारदस्त नावामागे काय होते? १९९५ च्या पेटंटमध्ये पोर्टलंड सिमेंटचा उल्लेख स्पष्ट आहे. ढोबळमानाने तीन चतुर्थांश पोर्टलंड सिमेंट, एक पंचमांश बिस्मथ ऑक्साइड आणि थोडे जिप्सम. बिस्मथ कशासाठी, तर क्ष-किरणांच्या चित्रात दिसावे म्हणून. १९९९ पासून संशोधक उघड म्हणू लागले, की ही भुकटी आणि गोणीतले सिमेंट यांच्यात फरक फार थोडा आहे. माल्टाच्या संशोधक जोझेट कॅमिलेरी यांनी २००५ मध्ये तिचे घटक तपासून हेच दाखवले.

यावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया आल्या. काहींनी विचारले, मग एवढे पैसे कशाला? या भुकटीचा एक ग्रॅम सिमेंटच्या अख्ख्या गोणीपेक्षा महाग पडतो. गरीब देशांतल्या रोग्यांसाठी दुकानातलेच सिमेंट निर्जंतुक करून वापरू या. हा विचार दुष्ट नव्हता. पैशाअभावी दात उपटून घेणाऱ्यांची आठवण त्यामागे होती. दुसऱ्यांनी मात्र मी विचारला तोच प्रश्न विचारला, आर्सेनिकचे काय?

सिमेंट खाणीतल्या चुनखडीपासून होते. तिच्यात माती मिसळतात, सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात. भट्टीत कोळसा जळतो, कुठे जुने टायर आणि इतर टाकाऊ माल जळतो. खडकातले आणि इंधनातले आर्सेनिक, शिसे, क्रोमियम यांचा अंश सिमेंटमध्ये उतरतो. ते कोणी घातलेले नसते, पिशवीवर लिहिलेले नसते, आणि या खाणीचे प्रमाण त्या खाणीला लागू पडत नाही.

दाताच्या सिमेंटसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार आम्लात विरघळणारे आर्सेनिक किलोमागे दोन मिलिग्रॅमपेक्षा आणि शिसे शंभर मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. दोन मिलिग्रॅम म्हणजे एका टनात दोन ग्रॅम. २००५ पासून पुढच्या पाच-सहा वर्षांत अनेक प्रयोगशाळांनी मोजमाप केले. काहींना आर्सेनिक नगण्य आढळले. काही नमुने मात्र मर्यादेच्या वर गेले, आणि त्यांत साधे सिमेंट होते तशीच दाताची महागडी भुकटीही होती. वाचणारा गोंधळून जावा अशी ही स्थिती. पण त्यातला बराचसा फरक मोजण्याच्या रीतीचा होता. भुकटी आम्लात विरघळवून आत काय आहे ते पाहणे वेगळे, आणि घट्ट झालेले सिमेंट पाण्यात ठेवून बाहेर काय येते ते पाहणे वेगळे. शरीराला दुसऱ्याशी कर्तव्य असते.

मी घरी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मुळाच्या टोकाचे भोक तीन मिलिमीटर खोल, एक मिलिमीटर रुंद. त्यात सिमेंट मावणार फार तर दहा मिलिग्रॅम. मानकाच्या मर्यादेइतके आर्सेनिक धरले, तर ते एका मायक्रोग्रॅमचा पन्नासावा भाग. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम आर्सेनिक जागतिक आरोग्य संघटना चालवून घेते. म्हणजे माझ्या दातातले सगळे आर्सेनिक एका दिवसात बाहेर आले, तरी ते तशा पाण्याच्या अर्ध्या चमच्याहूनही कमी पाण्याइतके. मर्यादेच्या दसपट धरले तरी चार चमचे. माझी भीती त्या कागदावरच संपली.

पण भीती संपली म्हणजे प्रश्न संपला, असे नाही. हे आकडे एका गोष्टीवर उभे आहेत, की भुकटीत काय आहे हे कोणीतरी मोजले आहे. गोणीतले सिमेंट भिंतीच्या मजबुतीसाठी तपासलेले असते, माणसाच्या हाडाशेजारी ठेवण्यासाठी नाही. म्हणूनच दुकानातल्या सिमेंटची सूचना मला, तिच्यातला चांगुलपणा मान्य करूनही, पटली नाही. स्वस्त औषध गरिबाला मिळालेच पाहिजे, पण न तपासलेले औषध त्याच्याच वाट्याला का?

यावरचा उपाय शेवटी खाणीपासून फारकत घेण्यात सापडला. सिमेंटमधला खरा कामाचा घटक म्हणजे ट्रायकॅल्शियम सिलिकेट. तो खडक भाजून न मिळवता शुद्ध रसायनांपासून तयार करता येतो. २०१० च्या सुमारास फ्रान्समधून अशा शुद्ध सिलिकेटचे दंतसिमेंट बाजारात आले. दाताला काळपट करणाऱ्या बिस्मथऐवजी त्यात झिर्कोनियम ऑक्साइड होते. आता अशी अनेक सिमेंटे मिळतात.

आता पुन्हा अण्णांकडे येतो. सिमेंटच्या भट्टीत क्रोमियमचा काही भाग घातक अशा सहा संयुजेच्या रूपात जातो. ते पाण्यात विरघळते, ओल्या सिमेंटमधून कातडीत शिरते, आणि एकदा त्याची ॲलर्जी जडली की सहसा जन्मभर सुटत नाही. स्कॅन्डिनेव्हियातल्या देशांनी १९८० च्या दशकातच सिमेंटमध्ये थोडे आयर्न सल्फेट घालायला सुरुवात केली. त्याने ते क्रोमियम निरुपद्रवी रूपात बदलते. २००५ पासून युरोपीय संघाने किलोमागे दोन मिलिग्रॅमची मर्यादा घातली. आयर्न सल्फेट म्हणजे आपला हिराकस, अगदी स्वस्त वस्तू.

अण्णांच्या भेगांत चुन्याचा वाटा किती होता आणि क्रोमियमचा किती, हे आता कोणी सांगू शकणार नाही. माझ्या जबड्यात सिमेंट गेले दहा मिलिग्रॅम, आणि त्यासाठी मी एवढे वाचले, हिशेब मांडला. त्यांनी चाळीस वर्षे रोज घमेली भरभरून ते उघड्या हातांनी कालवले. त्यात काय आहे, हे त्यांनी कधी विचारले नाही. घरात रसायनशास्त्राचा शिक्षक असून मीही कधी सांगितले नाही.

माझा दात आता शाबूत आहे. डॉक्टरांनी मला भुकटीची डबी दाखवली, तिच्यावरचे घटक मी वाचले आणि मगच खुर्चीत मागे टेकलो. आमच्या गल्लीत सध्या एक इमारत उठते आहे. परवा तिथल्या दोन पोरांना मी रबरी हातमोजे नेऊन दिले. एकाने लगेच घातले. दुसरा म्हणाला, "काका, मोज्याने थापी नीट धरता येत नाही." अण्णाही बहुधा हेच म्हणाले असते. तरी मी उद्या पुन्हा जाणार आहे.