देवी आल्या

आमच्या आजेसासूबाई हिंगोलीकडच्या जुन्या साथीची गोष्ट सांगत, तेव्हा ‘रोग’ हा शब्द उच्चारीत नसत. ‘घरात देवी आल्या’ म्हणत. आलेल्या देवीला घालवायचे कसे? मग कडुनिंबाचा पाला अन् थंड नैवेद्य. औषधाचे नाव नाही.

हिंदुस्थानातील पहिली लस मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली. तरी पुढे कित्येक वर्षे टोचणारा दिसला की आया मुले लपवीत. गंमत अशी, की मराठीने त्या टोचण्यालाही ‘देवी काढणे’च म्हटले. माझ्या मते त्या ओळखीच्या नावाने निम्मी भीती गेली. मे १९७५ नंतर देशात देवीचा रोगी आढळला नाही.

२०२० साली करोनात मात्र ‘युद्ध’ हा शब्द आला, अन् आजारी शेजारीणच शत्रू वाटू लागली.