सळईवरचा न दिसणारा थर

मालवणात समुद्रालगतच्या एखाद्या जुन्या स्लॅबखाली उभं राहून वर पाहा. सळईच्या रेषेत सरळ तडा गेलेला असतो, कडेनं तांबूस ओघळ उतरलेला असतो, आणि बोटानं टोकरलं तर पोपडा हातात येतो. आत सळईचे पापुद्रे सुटलेले दिसतात. त्याच स्लॅबचा धड भाग फोडला, तर तेवढ्याच वयाची सळई काळसर आणि शाबूत निघते. हा फरक ज्या थरामुळे पडतो, त्याची जाडी जेमतेम काही नॅनोमीटर.

त्याची पहिली चाहूल लागली ती आम्लात. तीव्र नायट्रिक आम्लात बुडवलेलं लोखंड एकाएकी विरघळायचं थांबतं, हे जेम्स कीर यांनी १७९० साली नोंदवलं. १८३६ मध्ये शोनबाइन यांनी याच प्रकाराबद्दल फॅरेडेंना लिहिलं. लोखंडाच्या पृष्ठावर ऑक्साइडसारखा काहीतरी थर बसत असावा, असा फॅरेडेंचा तर्क होता आणि तो खरा निघाला. पुढे १८६७ साली जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्यानं लोखंडी जाळीवर सिमेंट थापून केलेल्या कुंड्यांचं पेटंट घेतलं. आजच्या स्लॅबचं कूळ त्या कुंड्यांपर्यंत जातं.

सिमेंट पाण्याशी मिसळलं की चुना सुटतो. काँक्रीटच्या बारीक छिद्रांतलं पाणी त्यामुळे फार अल्कधर्मी होतं. त्याचा पीएच १२.५ ते १३.५ असतो. अशा पाण्यात लोखंड विरघळू लागतं खरं, पण सुटणारे अणू दूर जाऊच शकत नाहीत. ते जागेवरच ऑक्साइड होऊन पृष्ठाला घट्ट चिकटतात. मग विरघळणं इतकं मंदावतं की इमारतीच्या आयुष्यात ते जाणवू नये. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं : थराला ओरखडा पडला, तरी अल्कता आणि ऑक्सिजन असेल तर तो आपला आपण भरून येतो.

चुना या किनाऱ्याला नवा नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. पायाच्या दगडांत शिसं ओतलं गेलं, आणि शिवाजी महाराजांच्या हातापायाचे ठसे चुन्यातच जपलेले आहेत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होतो आणि त्यात त्याची अल्कता संपते. तटाचं त्यानं काही बिघडत नाही, कारण भार दगडावर असतो. स्लॅबचा ताण मात्र सळईवर. हवा मुरत मुरत तिथवर पोचली, पीएच ९ च्या आसपास उतरला, की थर टिकत नाही.

मीठ त्याहून घाईचं. क्लोराइड पीएच उतरण्याची वाट पाहत नाही; थराला एका जागी भोक पाडतं आणि तिथून सळई आत पोखरली जाते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून काँक्रीट फुटतं. क्लोराइड किती झालं यापेक्षा हायड्रॉक्सिलच्या, म्हणजे अल्कता देणाऱ्या आयनांच्या, तुलनेत किती झालं हे महत्त्वाचं, असं हाउसमन यांनी १९६७ साली दाखवलं. हे प्रमाण ०.६ च्या आसपास गेलं की धोका सुरू.

भारतीय मानक ४५६ (सन २०००) म्हणूनच सळईवर किनारी हवेत ४५ मिलिमीटर, समुद्राचे तुषार उडतात तिथे ५० आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आच्छादन, मागतं. काँक्रीट कालवायच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. समुद्राच्या पाण्यात ते १९,००० च्या घरात असतं. तेव्हा कर्ली किंवा कालावलच्या खाडीतली वाळू असेल तर ती गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय वापरू नका, मचूळ विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय घेऊ नका, आणि स्लॅब ओतायच्या दिवशी सळईखाली कव्हर ब्लॉक लागलेत का, हे स्वतः वाकून बघा.